सुईचं टोक

बटणकाकूंनी चोवीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना बटणं लावली, म्हणून त्या बटणकाकू. कारखाना बंद पडला, नाव मात्र चिकटून राहिलं. मुलगा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. सून औषधांच्या दुकानात, सकाळी नऊला जायची ती दिवेलागणीला यायची. मधले सगळे तास ढब्बूचे. ढब्बू म्हणजे नातू, दहा महिन्यांचा, आणि कारखान्यातल्या मुकादमापेक्षा कडक.

पण तो झोपला की काकूंचे हात रिकामे. रिकामे हात त्यांना मानवत नसत. एकदा बाजारातून येताना त्या मण्यांच्या दुकानापाशी थबकल्या. दुकानदार म्हातारा थट्टेखोर होता.

"बटणाला चार भोकं असतात काकू, मण्याला एकच. तुम्हाला सोपं जाईल."

"भोक एकच, पण दिसायला तर हवं ना!" काकू म्हणाल्या, तरी मोहरीएवढ्या मण्यांच्या दोन डब्या, नायलॉनचा दोरा आणि केसासारख्या बारीक सुयांचं पाकीट घेऊनच निघाल्या.

सुनेने डब्या उलटसुलट करून पाहिल्या. "करा ना आई, छान आहे. पण एक मणी जरी जमिनीवर दिसला ना, तर सगळं गच्चीवरून फेकून देईन. आपल्याकडे एक झाडू रांगतोय, माहितीये ना? जे दिसेल ते तोंडात."

काकूंनी ते मनावर घेतलं. उंच टेबलावर ताट, ताटात जाड टॉवेल, म्हणजे मणी घरंगळायचे नाहीत. काम संपलं की डब्यांना झाकणं, आणि जमिनीवरून ओलं फडकं. पहिलं कंकण त्यांनी दोरा इतका ओढून विणलं की ते धनुष्यासारखं ताठ उभं राहिलं. दुसरं इतकं ढिलं की हातातून गळून पडे. तिसरं मात्र बसलं. वरच्या मजल्यावरच्या शाळामास्तरीणबाईंनी ते पाहिलं आणि "अस्संच, पण निळं" मागितलं. काकू दिवसभर उगाचच गुणगुणत होत्या.

ते निळं कंकण संपत आलं त्या सकाळी थंडी होती. काकूंनी राखाडी स्वेटर चढवला होता. ढब्बू लवकर उठला होता, खाली सतरंजीवर लाकडी चमचा चघळत बसला होता. तो जागा असताना काम करायचं नाही, हा काकूंचा स्वतःचाच नियम. पण राहिलं होतं तरी किती? दोऱ्याचं शेवटचं टोक चार मण्यांतून मागे फिरवायचं आणि कापायचं. दोन मिनिटांचं काम.

शेवटच्या मण्यात दोरा आधीच तीनदा जाऊन आला होता. सुई आत शिरली आणि अडकली. अशा वेळी मागे घ्यायची असते, मण्यांच्या दुकानातल्या म्हाताऱ्याने बजावलं होतं. काकूंनी छोटी पक्कड घेतली आणि ओढली.

टक्.

पकडीत अर्धी सुई होती, नेढ्याकडची. टोक नव्हतं.

काकूंनी टॉवेल पाहिला. कंकणातला मणी न् मणी उजेडात धरून पाहिला. टेबल हाताने चाचपलं. मग खाली पाहिलं. ढब्बू टेबलाच्या पायापाशी आला होता. चमचा कुठेतरी पडला होता आणि त्याच्या तोंडात काहीच नव्हतं, तरी तोंड हलत होतं.

काकूंनी त्याला उचलून पाळण्यात घातलं. आणि मग त्यांनी जे केलं ते चोवीस वर्षांच्या सवयीने केलं. कारखान्यात सुई मोडली की आधी सगळे तुकडे शोधायचे, कागदावर चिकटपट्टीने लावायचे, पुन्हा अख्खी सुई दिसली पाहिजे, आणि मगच मुकादमापुढे जायचं. अर्धी सुई घेऊन गेलेल्या बाईला तो सगळ्यांसमोर सोलून काढायचा. आधी शोधा, मग सांगा. हे काकूंच्या हाडात मुरलं होतं.

त्यांनी अर्धी सुई कागदावर चिकटवली आणि शोधायला लागल्या. सतरंजी झटकायची नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ती बोटाबोटाने चाचपली. फरशीवर गाल टेकवून उजेडाच्या रेषेत पाहिलं. पलंगाखाली, दाराच्या फटीत. घड्याळ पुढे सरकत होतं. पाळण्यात ढब्बू किरकिरायला लागला, मग रडायला, मग खोकला.

काकू धावल्या. त्याच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती, आणि लाळेत रक्ताचा लाल धागा होता.

फोन दोनदा चुकीचा लागला.

"अगं, सुई मोडली. टोक सापडत नाही. याच्या तोंडातून रक्त..."

सून म्हणाली, "त्याला काही खायला-प्यायला देऊ नका. रडू दे. त्याला घेऊन खाली येऊन थांबा. मी रिक्षा घेऊन येते."

दवाखान्यापर्यंत काकूंनी त्याला पोटाशी घट्ट धरलं होतं. सून त्याच्या तोंडाकडे बघत होती. काकूंकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

एक्स-रेच्या खोलीत एकीनेच थांबायचं होतं. सून कागद भरत होती, म्हणून काकू आत गेल्या. त्यांच्या अंगावर किरणं अडवणारा जड झगा चढवला आणि ढब्बूचे दोन्ही हात त्याच्या डोक्यावर धरायला सांगितलं. तो आकांत करत होता. काकूंची मनगटं त्याच्या मानेला टेकली होती.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर फोटो लावला. छोट्या फासळ्या, छोटा मणका. आणि मानेपाशी, अगदी स्वच्छ, एक पांढरी रेघ.

"घशात आहे?" सुनेचा आवाज फाटला.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवून जवळून पाहिलं. "बाजूने एक काढू. या वेळी आईने धरा. आजींचे हात कापताहेत."

काकू बाहेरच्या बाकावर बसल्या. कुणी कुठल्या देवाचं नाव घे म्हटलं असतं तरी त्यांना ते आठवलं नसतं.

दुसऱ्या फोटोत रेघ नव्हती. घशात नाही, छातीत नाही, पोटात नाही. काकूंना वाटलं, खाली सरकली असेल, आत कुठेतरी रुतली असेल, आता सापडणारच नाही.

"पहिल्यांदा धरलं होतं ते कुणी? तुम्ही ना?" डॉक्टरीणबाई वळल्या. "हात इकडे करा. तो नाही, उजवा."

त्यांनी स्वेटरची बाही उलटी केली, दिव्याखाली धरली आणि चिमट्याने लोकरीतून काहीतरी उपसलं. राखाडी लोकरीत राखाडी टोक.

"दात येतोय त्याला," त्या म्हणाल्या. "हिरडी सोललीय चमच्याने. बाळ ठणठणीत आहे."

सून ढब्बूच्या डोक्यात तोंड खुपसून रडली. काकूंना रडूही येईना. याच बाहीने त्यांनी त्याला पोटाशी आवळून आणलं होतं. याच मनगटावर त्याचा गाल होता, अख्ख्या रस्त्याने.

बाहेर पायऱ्यांवर सून थांबली.

"आई, सुई किती वाजता मोडली?"

काकूंना खोटं बोलता आलं असतं. त्या वेळी पाहणारं दुसरं कुणी घरात नव्हतं.

"तुला फोन केला त्याच्या आधी वीस मिनिटं."

"वीस?"

"शोधत होते. म्हटलं, सापडली की सांगेन."

"सापडली नसती तर?"

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

"सुई मोडते हो," सून म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यामुळे काकूंना जास्तच भीती वाटली. "मी दुकानात बाटल्या फोडते. पण त्या वीस मिनिटांत मी गोळ्या मोजत उभी होते. उद्या दुकानात उभी असेन तेव्हा मला वाटणार, आत्ता घरी काही झालंय आणि आई शोधतायत."

"मी बंद करते ते सगळं. आज म्हाताऱ्याला परत देऊन येते."

"मण्यांचं कोण बोलतंय?"

काकू म्हणाल्या, "मला रागावशील म्हणून घाबरले नव्हते गं. म्हणजे, तेही होतं. पण तुला सांगितलं की ते खरं होणार, असं वाटलं."

सुनेने त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. औषधाची चिठ्ठी, पाकीट आणि ढब्बू हे सगळं तिला एकदम सावरता येत नव्हतं.

"धरा जरा याला," ती म्हणाली.

काकूंनी हात पुढे केले नाहीत. आधी स्वेटर काढला, गुंडाळला, पायरीवर ठेवला. ब्लाउजच्या बाह्या, पदर, बोटांच्या बेचक्या तपासल्या, मग पुन्हा पदर. वारा बोचत होता. सून घाई न करता उभी राहिली, त्यांचं पुरतं तपासून होईपर्यंत.