रताळ्यांचा जनरल

“स्टोव्ह कुठे आहे?” कामगार कॅम्पचा इंग्रज साहेब असा ओरडला की बहरीनमधल्या अस्करच्या ॲल्युमिनियमच्या भट्ट्या क्षणभर गार पडल्या असाव्यात. खोलीत आम्ही आषाढी एकादशीचे अकरा उपाशी जीव, मध्ये टॉवेलखाली गरम रताळी, आणि साहेबाच्या मागे त्याचाच ड्रायव्हर, आमचा जनरल, हात बांधून उभा. खोलीत स्वयंपाकाला बंदी होती. ज्याचा स्टोव्ह सापडेल त्याचा व्हिसा खलास, पुढच्या विमानानं घरी. स्टोव्ह जनरलचा होता.

जनरल गुहागरकडचा. उंची पाच फुटांना जेमतेम टेकलेली, मिशी मात्र सहा फुटी माणसाची. पूर्वी तो एका अमेरिकन इंजिनिअरची गाडी चालवायचा. अस्कर ते शहरातलं बाब अल बहरीन, रस्ताभर तो म्हातारा आपल्या देशाच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या एका सेनापतीच्या गोष्टी सांगे. मूठभर माणसं घेऊन दलदलीत दडायचं, इंग्रजांच्या छावणीवर झडप घालायची, की पुन्हा गायब. एकदा बोलणी करायला आलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला त्यानं झाडाच्या सालीवर नुसती भाजलेली रताळी वाढली. एवढ्यावर लढणारे हे लोक आपल्याकडून हरणार नाहीत, म्हणून त्या अधिकाऱ्यानं नोकरीच सोडली. ही गोष्ट आम्ही त्याच्या तोंडून चारशे वेळा तरी ऐकली, त्यावरूनच त्याचं नाव जनरल पडलं. दर खेपेला रताळी वाढत गेली. शेवटी शेवटी तर बैलगाडीभर झाली होती.

“आपलाच गनिमी कावा रे,” जनरल म्हणे. “आपल्याकडं डोंगर, त्यांच्याकडं चिखल. इथं दोन्ही मफी, नाहीच. म्हणून डोकं चालवायचं.”

मेसमध्ये उपासाचं काही मिळत नसे, म्हणून हा सगळा उद्योग. जनरल रताळी भाजून स्टोव्ह नाहीसा करी. दर झडतीत साहेब खाटा उलट्या करी, पाण्याच्या टाकीत काठी घालून पाही. स्टोव्ह नाही.

त्या एकादशीला जनरलनं शांतपणे टॉवेल काढला आणि ताटली साहेबापुढे धरली. साहेबानं एक खाल्लं. दुसरं खाल्लं. मग मोडक्या हिंदीत विचारलं, भाजली कशावर?

“छपरावर, साहेब. पत्रा तापलाय.”

साहेब शिडीनं वर चढला, पत्र्याला हात लावला आणि तळहात फुंकत उतरला. मग त्यानं तिसरं रताळं उचललं. जनरल माझ्या कानाशी पुटपुटला, “आता राजीनामा देतो बघ.”

राजीनामा काही आला नाही. पण झडत्या थांबल्या. स्टोव्ह तेव्हा वीस पावलांवर, साहेबाच्याच गाडीच्या डिकीत, गोणपाटाखाली होता.

सहा वर्षांनी जनरल कायमचा गावी निघाला. विमानतळावर सोडायला साहेबानं स्वतः गाडी चालवली. मी मागे बसलो. डिकी उघडून साहेबानं बॅगा काढल्या, मग गोणपाट सारून स्टोव्ह काढला आणि जनरलच्या हातात दिला. जनरलची मिशी तेव्हा खाली लोंबली आणि पहिल्यांदा त्याच्या उंचीला शोभली.

“तुमाला ठाव होतं, साहेब?”

साहेब म्हणाला, गाडीला सहा वर्षं रॉकेलचा वास येतोय.

“मग बोलला नाय कधी?”

“रताळी चांगली होती,” साहेब म्हणाला.