राईच्या लाकडाची मूठ

फौज जवानाला रायफल देते, बायोनेट देते, बूट देते. खिशातला चाकू देत नाही, तो ज्याचा त्याने आणायचा. कांदा चिरायला, दोर कापायला, डबा उघडायला चाकू लागतो, आणि ज्याच्याकडे नसतो तो दिवसभर दुसऱ्यापुढे हात पसरत फिरतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा माझी पलटण काश्मीरमध्ये होती. मी हवालदार होतो, एका सेक्शनचा कमांडर. माझा चाकू माझ्या गावचा, पिंपळवंडीचा, बबन लोहाराच्या हातचा होता.

माझ्या सेक्शनमध्ये लान्स नायक दुंदा होता, आहुप्याचा. आमच्याकडे ऊस आणि कांदा, त्याच्याकडे डोंगरउतारावर भात आणि नाचणी. गावाकडे असतो तर आमची ओळखही झाली नसती. पलटणीत मात्र आम्ही गाववाले झालो. एकदा दोघांना एकदम रजा मिळाली, तेव्हा मी त्याला घरी नेलं आणि बबनकडून दोघांनी चाकू करून घेतले. मी टोकदार पातं आणि शिंगाची मूठ सांगितली. दुंदानं आखूड, रुंद, टोक मारलेलं पातं मागितलं आणि मूठ बाभळीची. मुठीला दोन रिव्हेट तांब्याचे बसले. तिसऱ्याला तांबं संपलं, म्हणून बबननं पितळेचा ठोकला.

मी म्हणालो, "हा चाकू आहे की उलथनं?"

दुंदा म्हणाला, "टोकाचं काय काम हाय, हवालदार? आपल्याच मांडीत घुसवायला?"

चाकू तो खिशात ठेवत नसे, कमरेच्या करदोऱ्याला बांधायचा. त्याच करदोऱ्यात त्याच्या आईनं तांब्याचं एक बारीक कडं ओवून दिलं होतं. आंघोळीला बसला की ते कडं वाजायचं आणि पोरं त्याला हसायची. तोही हसायचा.

आमचं रोजचं काम रस्ता उघडण्याचं. कॉन्व्हॉय जायच्या आधी पायी जायचं, पूल तपासायचे, कडेच्या झाडीत बघायचं. दुंदा लीड स्काऊट, म्हणजे सगळ्यांच्या पुढे. डोंगरातला माणूस, पावलांचा आवाज येत नसे. त्या सकाळी तो नाल्यात उतरला आणि समोरच्या खडकांतून फायर आला. आम्ही मागे कठड्याआड आडवे झालो. डोकं वर काढता येईना.

मी सेटवर म्हणालो, "कॉन्टॅक्ट. एक माणूस पुढे अडकला आहे. ओव्हर."

"रिएन्फोर्समेंट निघाली. होल्ड करो. ओव्हर."

होल्ड केलं. दुंदाची रायफल ऐकू येत होती. एक एक राऊंड, घाई न करता. मग ती थांबली. आम्ही कव्हर फायर देत पोचलो तेव्हा तो रायफलवर पालथा पडला होता. रायफल अतिरेक्यांना ओढून काढता आली नव्हती. शर्ट मात्र वर गेलेला होता. कमरेचा करदोरा कापून नेला होता, चाकूसकट, कड्यासकट. नाल्यापलीकडे दगडांवर रक्ताचे थेंब होते. ते दुंदाचं रक्त नव्हतं. आम्ही मागावर गेलो, पण थेंब पाण्याशी संपले.

आमच्याकडे करदोरा माणूस गेल्यावर तोडतात, आणि तो घरचे तोडतात. इथे परक्यानं तोडला होता. तेव्हा दुंदात जीव होता की नव्हता, हे मला आजही माहीत नाही. त्या एका गोष्टीनं माझं डोकं फिरलं. गोळी लागणं हा आमच्या धंद्याचा भाग आहे. करदोरा तोडणं हा नव्हता.

पेटी घेऊन आहुप्याला मीच गेलो. डिंभ्यापासून पुढे रस्ता इतका खराब की गाडी उसळत होती. अंगणात पेटी उघडल्यावर दुंदाच्या चुलत्यानं रिवाजाप्रमाणे कमरेकडे हात नेला आणि तिथेच थांबला. ठकूबाई, दुंदाची आई, उशाशी बसली होती.

"करदोरा कुठाय?" तिनं विचारलं.

मी खरं तेच सांगितलं.

ती रडली नाही. "त्याला लागलं व्हतं तवा तोडला का मेल्यावर?"

"ते नाही कळलं, आय."

"ज्यानं तोडला त्यो हाय का जिता?"

"असेल."

"असंल म्हंजी? मग तू कशाला आला हितं?"

तिनं मला घरात घेतलं, चहा दिला. दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा ती राईच्या बाजूनं आली. आहुप्याची देवराई कुणी ऐकली नसेल तर सांगतो. तिथलं वाळलेलं पानसुद्धा बाहेर आणत नाहीत. कोयता, कुऱ्हाड बाहेर ठेवून आत जायचं. चूल विझली तरी राईतली काटकी आणायची नाही. ठकूबाईच्या पदराखाली राईतली फांदी होती, मनगटाएवढी, मोडून आणलेली. चुलता दोन पावलं मागं सरकला.

"वहिनी, देवाची हाय ती."

"देवानं माझं पोर राखलं न्हाई. मी त्याची फांदी राखू व्हय?" तिनं फांदी माझ्या हातात दिली. "याची मूठ कर. पातं कसलं घालायचं ते तू ठरव. अन् त्याला गाठ."

मी ती घेतली. फौजेत आल्यापासून मी एवढ्या मनापासून कुठलीही ऑर्डर घेतली नव्हती.

मिळालेल्या रजेत पिंपळवंडीला येऊन थेट बबनच्या लोहारसाळेत गेलो. माझा जुना चाकू होता, पण त्यानं मी कांदे चिरले होते. या कामाला तो नको होता.

बबन भाता ओढत होता. "पातं कशाचं करू? करवतीचं करतो, पातळ व्हतं, धार लई टिकती. का ट्रकच्या कमानीचा पाटा घेऊ? त्यो जड, पर मोडत न्हाई. कापायचं काय हाय?"

"माणूस."

बबननं भाता थांबवला नाही. विस्तवाकडे बघत म्हणाला, "मग पाटाच घ्या. हाडावर करवत मोडंल."

"टोक पायजे."

"पायजेच की. अन् मूठ? शिंग नका घेऊ, वलं झालं की सरकतंय. शिसवाची करू. हातात बसती."

मी फांदी पुढे केली. कुठली, ते सांगितलं. बबन उठून उभा राहिला. माणूस मारायच्या पात्याला न कचरणारा गडी, फांदीला हात लावेना.

"ते लाकूड माझ्या ऐरणीपशी नको, हवालदार. मला लेकरंबाळं हायती."

"मूठ हीच लागणार."

"मग तुमी बसवा. मी पातं करून भोकं पाडून देतो. फुडचं तुमचं तुमी बघा राव."

तसंच झालं. त्यानं पाटा ठोकून पातळ केला, पाणी दिलं, खटका बसवला. मी घरी पडवीत बसून फांदी चिरली, कानशीनं घासली, रिव्हेट ठोकले. आई विचारायची, एवढं काय करतोस. मी सांगितलं नाही. मूठ हातात धरली की नाल्यातला तो वर सरकलेला शर्ट डोळ्यांपुढे यायचा, आणि मी आणखी घासायचो. रजा संपली त्या दिवशी पात्यावर मनगटाचे केस उडत होते.

परत गेल्यावर मी वाट बघितली. ड्यूटी चोख केली. जेवलो, झोपलो, पोरांना हसवलंसुद्धा. पण प्रत्येक सर्चमध्ये लोकांच्या चेहऱ्याआधी माझी नजर त्यांच्या कमरेकडे जायची. बर्फ पडलं तेव्हा खबर आली की वरच्या गुराख्यांच्या कोठ्यात एकजण लपला आहे. सकाळी कॉर्डन घातला, कोठा चारी बाजूंनी घेरला. फायर झालाच नाही. गवताच्या भाऱ्यांमागून तो हात वर करून बाहेर आला. जवानानं झडती घेतली आणि खिशातून चाकू काढून माझ्याकडे दिला.

बाभळीची मूठ. दोन रिव्हेट तांब्याचे, तिसरा पितळेचा.

मी माझा चाकू उघडला. त्याची कॉलर धरून भिंतीला टेकवला आणि पातं गळ्याशी लावलं. हे मी अभिमानानं सांगत नाही आणि लाजूनही सांगत नाही. तसं झालं.

आमचे सुभेदारसाहेब दारात उभे होते. "हवालदार."

"जी साहब."

"चाकू बंद कर."

"साहब, ये दुंदा का है."

"देख लिया मैंने. बंद कर."

तो माणूस डोळे मिटून म्हणाला, "मैंने नहीं लिया. जिसने लिया था, वो ऊपर दफ़न है. उसी दिन पेट में गोली लगी थी. चाकू मुझे बाद में मिला."

"झूठ बोलता है साहब."

सुभेदारसाहेब जवळ आले. त्यांनी माझ्या हाताला हात लावला नाही, फक्त शेजारी उभे राहिले. "झूठ बोल रहा होगा तो ऊपर कुछ नहीं मिलेगा. चल, देखते हैं."

ते तिथे नसते तर काय झालं असतं, असं लोक मला विचारतात. विचारू देत. मी चाकू मिटला.

पोलीस आले, त्यांच्या समोर वरची जागा खोदली. जमीन गोठलेली होती, पहारीनं फोडावी लागली. खाली एक माणूस होता. पोटाला पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या, आणि कोटाच्या खिशात काळा दोरा होता. दोऱ्याला तांब्याचं कडं होतं. त्या सकाळी नाल्यात आमच्यापैकी कुणालाही डोकं वर काढता आलं नव्हतं. फायर करत होता तो एकटा दुंदा. एक एक राऊंड, घाई न करता.

मी त्या मेलेल्या माणसाकडे बघत उभा राहिलो. इतके महिने मी ज्याला शोधत होतो, तो मी फांदी घासायला बसायच्या आधीच संपला होता. कैद्याला पोलीस घेऊन गेले. तो खरं बोलला याचा मला राग आहे, अजून आहे. खोटं बोलला असता तर मला काहीतरी करायला मिळालं असतं.

पोलिसांनी चाकू आणि करदोरा सोडल्यावर, पुढच्या रजेत आहुप्याला गेलो. ठकूबाईच्या पुढ्यात जमिनीवर तिन्ही वस्तू ठेवल्या. दुंदाचा चाकू, करदोरा, आणि माझा चाकू. चाकू कुणाच्या हातात देत नाहीत, समोर ठेवायचा असतो.

"गाठला?" तिनं विचारलं.

"त्याला दुंदानंच मारला, आय. तिथंच, नाल्यात. करदोरा तोडणाऱ्याला गोळी लागलेलीच होती. तो फार जगला नाही."

तिनं कडं उचललं आणि पदरानं पुसलं. बराच वेळ पुसत राहिली. मग पहिल्यांदा रडली, मोठ्यानं, शेजारपाजारच्या बाया धावत आल्या इतक्या मोठ्यानं. मलाही आवरलं नाही.

डोळे पुसून तिनं माझ्या चाकूकडे बोट केलं. "ती मूठ काढ."

"का, आय?"

"काम झालं न्हवं? माझ्या लेकानं केलं. मग देवाचं देवाला देऊन येते."

मी अंगणातल्या दगडावर रिव्हेट फोडले. तिनं मुठीचे दोन्ही तुकडे पदरात घेतले आणि राईकडे चालू लागली. मी मागोमाग गेलो. माझ्या हातात नुसतं पातं होतं. राईच्या तोंडाशी तिनं मागं वळून बघितलं.

"लोखंड भाईर ठेव."

ठेवलं. आत एका मोठ्या झाडाच्या बुंध्याशी तिनं ते तुकडे पाल्याखाली सारले. हात जोडले नाहीत. परत येताना दुंदाचा चाकू तिनं त्याच करदोऱ्याला बांधला आणि घरातल्या देवाशेजारी खुंटीला अडकवला.

ठकूबाई आता नाही. मी पेन्शनवर आहे. ते पातं घरी आहे, त्याला तेल लावतो. बबन म्हातारा झाला, तरी रस्त्यात भेटला की विचारतो, "हवालदार, शिसवाची मूठ बसवून देऊ का? चांगला पाटा हाय, वाया चाललाय." मी नको म्हणतो.

दुंदा गेला त्या दिवशी दरवर्षी आहुप्याला जातो. घोडेगावहून एस्टी मिळते. पातं बरोबर नेतो, राईबाहेरच्या दगडावर ठेवतो आणि आत जातो. ते तुकडे कधीच मातीत गेले, जागासुद्धा आता नीट ओळखू येत नाही. उभा राहतो, सॅल्यूट करतो. लान्स नायक दुंदा, लीड स्काऊट. नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे गेला, आणि माझ्यासाठी काहीच शिल्लक ठेवलं नाही.