तीस, बत्तीस

माझ्या मरणाची बातमी मला सगळ्यात शेवटी कळली. मुलुंडपासून चारकोपपर्यंत माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांना ती सकाळी नऊच्या आत मिळाली होती. मी मात्र शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या वर्गात, हातात पुरवण्यांचा गठ्ठा घेऊन बाकांमधून फेऱ्या मारत होते.

पूर्वपरीक्षा चालू असली की आमच्या शाळेत सगळ्या शिक्षकांनी फोन बंद करून मुख्याध्यापिकांच्या कपाटात ठेवायचे असा नियम आहे. तो मीच आग्रहाने करवून घेतला होता. पर्यवेक्षण करताना फोनमध्ये डोकं घालून बसणारे लोक मला डोळ्यांसमोर नको असतात. शिस्त म्हटलं की शाळेत माझं नाव आधी यायचं आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. तर त्या सकाळी शाळेच्या आत मी धडधाकट होते आणि फाटकाबाहेर मेले होते. ऑफिसचा फोन सारखा वाजत होता. लिपिकाला वाटलं, परीक्षेच्या दिवशी पालक नेहमीच भंडावून सोडतात. त्याने रिसीव्हर काढून बाजूला ठेवला.

साडेअकराला पेपर गोळा करून मी खाली आले, तर फाटकापाशी माझा भाऊ उभा होता. तो मरोळला एका कारखान्यात फोरमन आहे. कामाच्या निळ्या कपड्यांतच आला होता. मला बघितलं आणि तो तिथेच, फाटकाच्या कट्ट्यावर, बसला. मग त्याने फोन माझ्यासमोर धरला.

फोटो माझाच होता. नोकरीला पंचवीस वर्षं झाली तेव्हाच्या सत्काराचा. गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला मोठं कुंकू, आणि चेहरा नेहमीसारखा, म्हणजे न हसणारा. वेगळं काही करायची गरजच नव्हती, हार आयताच होता. वर काळ्या पट्टीवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली, 'गणिताच्या बाईंची शेवटची हजेरी लागली'.

मी खवळले. कुणाचं काम आहे, आत्ता बघते, असं काहीतरी बोलतच स्टाफरूममध्ये शिरले. तिथे मराठीच्या बाई हसून म्हणाल्या, "अहो, चिडताय काय? मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं माणसाचं!" सगळे हसले. मीही हसले असते. पण मी गणित शिकवते. काही वाढलं तर ते कुठून आलं, हे बघायची मला सवय आहे. आणि तेवढ्यात माझ्या मागून आत आलेल्या भावाचा फोन वाजला.

वहिनीचा फोन होता. आई न्हाणीघरात पडली होती.

आई भावाकडे चारकोपला सेक्टरमधल्या घरात राहायची. वय अठ्ठ्याहत्तर. वडील गिरणीत होते, गिरणी गेली तेव्हा हिने खानावळीचे डबे करून आम्हां दोघांना शिकवलं. भावाच्या सोसायटीत माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते. तिला तो फोटो आला आणि ती बिचारी रडत रडत भेटायला गेली. दार आईनेच उघडलं. वहिनी मला फोन लावत होती, तो बंद. शाळेला लावत होती, तो लागत नव्हता. आई रडली नाही म्हणे. एवढंच म्हणाली, "चेडू गेलां. न्हावक व्हया." पोर गेली, न्हायला हवं. आमच्या मालवणाकडे घरातलं माणूस गेल्याचं कळलं की नेसत्या कपड्यांनिशी डोक्यावरून आंघोळ करतात. बातमी खरी की खोटी हे बघायचं राहून गेलं, रीत तेवढी आधी आठवली. गार पाण्याचे तीन तांबे तिने डोक्यावर ओतून घेतले. उठताना ओलं लुगडं पायांत आलं आणि ती पडली. खुब्याचं हाड मोडलं.

आम्ही रिक्षा केली. जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर गाड्या खोळंबल्या होत्या आणि मी मनातल्या मनात त्या पोरीला शिक्षा देत होते. कुठली पोर, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. हजेरीचा उल्लेख वाचला तेव्हाच मला कळलं होतं.

आता जे सांगायचं ते सांगायला मला अजून जड जातं.

ती दहावी ब मधली, हजेरीपटावर एकतीस नंबर. भूमितीत तिच्यासारखा हात मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. आकृती काढायची ती एका दमात, खोडरबर न वापरता. तिची आई नाहूरला चार घरी पोळ्या करते. मी त्या मुलीला सुट्टीत बसवून जास्तीची गणितं द्यायचे. नोव्हेंबरच्या घटक चाचणीत तिच्या पट्टीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात सूत्रं लिहिलेली सापडली. दुसऱ्या कुणाची पट्टी असती तर मी कान धरून दोन दिवस वर्गाबाहेर उभं केलं असतं आणि विसरून गेले असते. हिचा मला फार राग आला, कारण हिच्याकडून माझी अपेक्षा होती. पूर्ण वर्गासमोर मी तिला म्हणाले, "आजपासून तू माझ्यासाठी मेलीस."

शिक्षक रागात काय काय बोलतात. पण मी बोलले तसं वागलेही. दुसऱ्या दिवसापासून हजेरी घेताना तिचा नंबर मी वगळायला लागले. "तीस" म्हणायचं आणि लगेच "बत्तीस". पटावर हजेरी मांडायचे, तेवढी मी प्रामाणिक. फक्त तोंडाने पुकारायचं नाही. पहिले चार-पाच दिवस ती मधल्या जागेत हळूच "हजर" म्हणायची. मग तिने ते सोडलं. मग तिच्या शेजारी बसणारी मुलगी पुढच्या बाकावर गेली. मला ते दिसत होतं. धडा शिकतेय, असं मी स्वतःला सांगत होते. सात आठवडे मी हे केलं.

चौथ्या दिवशी शाळेत बैठक झाली. मुख्याध्यापिका, मी, ती मुलगी आणि तिची आई. तोवर सगळं बाहेर आलं होतं. फोटो तिने आदल्या रात्री घरी बसून केला आणि तीन मैत्रिणींना पाठवला. त्यातल्या एकीच्या मोठ्या बहिणीने तो खरा समजून पुढे ढकलला, आणि मग तो कुणाच्या हातात राहिला नाही. चारकोपला काय घडलं ते तिला माहीत झालं होतं. चेहरा पांढराफटक पडला होता.

तिची आई माझ्याकडे हात जोडून म्हणाली, "बाई, हाणा तिला, माझ्यासमोर हाणा. पण दहावी नका घालवू. वर्ष गेलं ना, तर तिचे काका गावाला नेऊन लग्न लावून देतील. माझं काही चालणार नाही तिथे."

मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या. पण एक पालक सायबर पोलिसांत जायचं म्हणत होते आणि संस्थेचे लोक हॉल तिकीट अडवून मुलीला शाळा सोडल्याचा दाखला द्यावा म्हणून मागे लागले होते. त्या म्हणाल्या, "बाई, त्रास तुम्हाला झालाय. तुमचं लेखी निवेदन येऊ दे, त्यावर ठरवू." मग मुलीकडे वळून विचारलं, "का केलंस गं असं? काहीतरी कारण असेल ना?"

मुलीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले. ती म्हणाली, "गंमत म्हणून." बस. एका वाक्यात ती मला उघडं पाडू शकली असती, आणि तिने ते केलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. त्या खोलीत भित्री कोण होती, हे मला तेव्हाच कळलं होतं.

आईचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हाड बसेल, पण या वयात पडून राहणं वाईट, छाती भरते. त्या दिवसापासून मला आईचा खोकला ऐकू यायला लागला. ती खोकत नसतानासुद्धा.

ऑपरेशननंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती शुद्धीवर नीट आली. उशी सारखी करून दे म्हणाली आणि मग विचारलं, "त्या पोरीन असां कित्या केल्यान गो?"

आईशी मला खोटं बोलता येत नाही. पट्टी, वर्ग, तीस, बत्तीस, सगळं सांगितलं. ती छताकडे बघत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "मगे माका पाडल्यान तां त्या पोरीन नाय. तुयाच पाडलंस माका." आवाज चढवला नाही. भाव सांगावा तशी म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, "तिका शाळेत घे. आणि हजेरीत तिचां नाव घे. माका ती बघूची आसा."

निवेदन मी तिथेच, दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिलं. माझं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि सात आठवडेही लिहिले. मुख्याध्यापिकांनी वाचून चष्मा काढला. "हे लिहायलाच हवं होतं का?" मी म्हटलं, हवं होतं. मुलीचं हॉल तिकीट सुटलं. मला लेखी ताकीद मिळाली, एकतीस वर्षांच्या नोकरीतली पहिली. खरं तर आम्हां दोघींनाही एकाच कागदावर माफी मिळाली होती.

सोमवारी हजेरी घेताना "तीस" म्हटल्यावर मी पटावरून मान वर केली. वर्गात कुणी हलेना. मग मी "एकतीस" म्हणाले. खूप वेळाने मागून आवाज आला, "हजर."

त्या रविवारी ती चारकोपला आली. आई खाटेवर होती. मुलगी दारातच रडायला लागली, तर आई म्हणाली, "रडतंस कित्या? हयसर ये, माझी नखां काप. ह्यांका कोणाक जमत नाय." मुलीने खाली बसून आईच्या पायांची नखं कापली, एकेक, आकृती काढायची तितक्या काळजीने. मग दर रविवारी यायला लागली. आई तिला चहा पाजायची, गुळाचा खाजा द्यायची आणि अभ्यासाचं विचारायची. जाताना मुलगी मला दरवेळी विचारायची, "आजी बऱ्या होतील ना?" मी हो म्हणायचे. पण आई दर रविवारी थोडी आणखी लहान दिसत होती. फेब्रुवारीत खोकला खरोखरचा सुरू झाला. मी मुलीला सांगितलं, आता परीक्षेपर्यंत येऊ नकोस.

बोर्डाच्या पहिल्या पेपरच्या दोन दिवस आधी, दुपारी, आई गेली.

भाऊ नातेवाइकांना मेसेज टाकायला निघाला, आणि मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. मेसेज नाही, फोटो नाही, सोसायटीच्या फळ्यावर नोटीस नाही. "अगं, पण लोकांना कळायला नको?" तो म्हणाला. मी एकेकाला फोन करून सांगितलं. पलीकडून जो तो आधी विचारायचा, "यावेळी खरं आहे ना?" त्या जुन्या विद्यार्थिनीला मी हात जोडले, कुठे बोलू नकोस. मग न्हाणीघरात गेले, त्याच जागी, आणि डोक्यावरून पाणी घेतलं.

त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाई, आजी कशा आहेत?"

मी म्हणाले, "आता त्रास नाही तिला काही. तू अभ्यास कर."

प्रत्येक पेपरच्या आधी तिचा फोन यायचा आणि प्रत्येक वेळी मी एक खोटं रचायचे. झोपलीये. पेज खाल्ली थोडी. तुला आशीर्वाद सांगितलाय. जिवंत माणूस मेल्याची बातमी तिने पसरवली होती, मी मेलेलं माणूस जिवंत ठेवून बसले होते. शेवटचा पेपर झाला की सांगायचं ठरवलं होतं. मग वाटलं, निकाल लागू दे. गणितात शंभरापैकी सत्त्याण्णव मिळाले तिला. मग डिप्लोमाचा प्रवेश. मधे एकदा भेटायला येते म्हणाली, तेव्हा मी घाबरून सांगून टाकलं, आईला गावी, मालवणला ठेवलंय, तिकडे हवा बरी आहे.

याला आता दोन वर्षं झाली. दर दिवाळीला तिचा मेसेज येतो, 'आजींना नमस्कार सांगा'. मी 'सांगते' लिहिते. सत्य कळलं तर ती मोडेल, ही भीती आहेच. पण त्याहून मोठी भीती अशी की ती विचारेल, एवढे दिवस का लपवलंत. तिला वाचवायला लपवलं, हे पहिल्या महिन्यापुरतं खरं होतं. त्यानंतर मी स्वतःलाच वाचवत होते.

परवा तिचा मेसेज आला. मैत्रिणी मिळून मालवणला चालल्या आहेत. 'आजींचा पत्ता पाठवा ना बाई. मी नेलकटर घेऊन जाणार आहे.'

तो मेसेज मी दिवसभर उघडून बघत होते. संध्याकाळी लिहिलं, 'पत्ता नको. आधी रविवारी चारकोपला ये. मला तुझ्याशी बोलायचंय.' तिने लगेच 'येते' म्हणून पाठवलं, पुढे हसरा चेहरा.

भावाला कळवलं. बाहेरच्या खोलीत, दार उघडलं की समोरच, आईचा फोटो आहे, चंदनाचा हार घातलेला. त्याने विचारलं, "रविवारपुरता काढून आत ठेवू का? निदान तू बोलेपर्यंत?"

मी म्हटलं, नको. राहू दे तिथेच.