टाकीवरचा शनी

दुर्बिणीच्या शताब्दीला समितीनं माझ्या वडिलांना पाण्याच्या टाकीवरचा दिवा दाखवला आणि तो शनी आहे असं सांगितलं. फसवणूक एवढीच. तिची भरपाई अजून कोणी केलेली नाही.

आम्ही मूळचे मेंढरं राखणारे. आबा तरुणपणी कवठे येमाईहून मेंढरं घेऊन वरवंडकडे उतरायचे. तिथल्या टेकडीवर जुनी वेधशाळा आहे. थंडीत एका संध्याकाळी तिथले म्हातारे प्रोफेसर दुर्बिणीपाशी कुडकुडत बसलेले आबांना दिसले. आबांनी आपलं घोंगडं त्यांच्या अंगावर टाकलं. बदल्यात प्रोफेसरांनी शनी दाखवला. मी आयुष्यभर सौदे केले, पण इतका चोख सौदा मला कधी जमला नाही.

घरी येऊन आबांनी सांगितलं, "शनीला कडं हाय. म्या बघितलं." कोणी खरं धरलं नाही. पुढं माझ्या शाळेच्या पुस्तकात कड्यासकट शनीचं चित्र आलं, तरी मामा म्हणाले, "पुस्तकात आसंल. दाजींनी कुठनं तरी ऐकलं आन् बघितलं म्हणून सांगत्यात." लग्न असो, बारसं असो, मामांची हाक ठरलेली, "दाजी, ते कड्याचं सांगा की!" लोक हसायचे. आबा मात्र दरवेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखे सांगायचे.

शताब्दीची बातमी आली तेव्हा माझं सणसवाडीत रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान होतं, दारात जीप होती. आबा म्हणाले, "तुझ्या मामाला घे. तीच दुर्बीण हाय. एकदा बघू दे त्याला." मामा जीपमध्ये चढताना कुरकुरले, "शनीला आपणहून भेटाया कोण जातं रं? पाठीमागं घरला यायचा."

टेकडीवर मांडव होता. दुर्बिणीला झेंडूचा हार घातला होता. भाषणं लांबली, तोवर आभाळ भरून आलं. पाहुणे घड्याळ बघू लागले. मग एकाएकी माइकवर पुकारा झाला, "शनी सापडलाय, रांगेत या." दुर्बीण जवळजवळ आडवी होती. मी विचारलं तर तिथला कार्यकर्ता म्हणाला, "मावळायला टेकलाय तो. पटापट बघा."

आबांनी डोळा लावला. बराच वेळ काढलाच नाही. मागच्यांनी गलका केला तेव्हा ते बाजूला झाले. मग मामांनी बघितलं.

"दाजी, नुस्ता पिवळा गोळा हाय की! कडं गहाण टाकलं का ह्यानं?"

सगळी रांग हसली. मीही डोळा लावला. पिवळा गोळाच होता.

परतताना जीपमध्ये आबा एवढंच म्हणाले, "तवा मला भास झाला आसंल."

पुढच्या लग्नात मामांनी सवयीनं हाक मारली. आबा म्हणाले, "न्हाई. म्या काय बघितलंच न्हाई." मामांचं हसू तिथंच अडकलं. त्यानंतर आबा अंगणात भिंतीकडे तोंड करून बसायचे. वर्ष सरायच्या आत गेले.

नंतर समितीतला एक जण वेधशाळेच्या घुमटासाठी रंग घ्यायला दुकानात आला. भाव पाडून घेताना गप्पांच्या ओघात हसत म्हणाला, "अहो शेठ, शताब्दीला ढगांनी पार वाट लावली होती. आम्ही टाकीवरच्या दिव्यावर दुर्बीण लावून दिली. पाहुणे खूश, पब्लिक खूश!"

मी त्याच्या हातातला डबा काढून घेतला. त्याला वाटलं, मी भाव वाढवतोय. मी त्याला दुकानाबाहेर काढलं, त्याच्या मागोमाग त्याची पिशवी फेकली.

आता माझं घर वरवंडला आहे. गच्चीतून ती टाकी दिसते. रोज दिवेलागणीला तो दिवा लागतो आणि मी त्याच्याकडे पाठ करून जेवतो. थंडीत धुकं उतरलं की त्या दिव्याभोवती कडं दिसतं. अशा वेळी कठड्यापाशी आबा पाठमोरे उभे असतात. मी हाक मारत नाही. त्यांनी वळून विचारलं, "दिसतंय का रं?" तर काय सांगू?

मामांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बापासाठी बोलतोस तू." म्हणजे माझा शब्द चालत नाही. ज्यांनी दिवा दाखवला त्यांचाच चालेल. मामा थकलेत, पण कान शाबूत आहेत. समितीच्या अध्यक्षांनी माझ्या घरी यावं, मामांसमोर बसावं आणि दुर्बीण टाकीकडे वळवायला कोणी सांगितलं ते नावानिशी बोलावं. शाल-नारळ नको, माफीचा कागद नको. माझा बाप खोटं बोलत नव्हता, एवढं तोंडानं म्हणा.

कोण येताय, सांगा.