अक्कांची दोरी

शेजारच्या अक्का खिडकीतून हात लांबवून उड्डाणपुलाच्या कठड्याला दोरी बांधायच्या, साड्या वाळत घालायच्या आणि त्या वाळेपर्यंत पुलालाच शिव्या द्यायच्या. पुलामागे हेब्बाळचं तळं आहे. अक्का लग्न होऊन आल्या तेव्हा ते खिडकीतून दिसायचं म्हणे.

एकदा दोन साहेब घरोघर विचारत आले, "पूल जुना झालाय. पाडावा की ठेवावा?"

"पाडा! स्वल्प थांबा, साड्या काढते," म्हणत अक्कांनी ओल्या साड्यांसकट दोरीच सोडली. साहेब हसत गेले.

पूल अजून तसाच आहे. अक्का साड्या घरातच वाळवतात, कपड्यांना कुबट वास येतो. परवा मी भीत भीत विचारलं, "अक्का, दोरी परत बांधून देऊ?"

"नको गं. तळं दिसायला लागलं की मध्ये येईल."