तात्यांची मॅग्नम

तात्या डॉक्टरांना पहिल्यांदा भेटायला जाताना चांगला सदरा घालू नये, हे मला कर्जतात कुणी सांगितलं नव्हतं. मी शाळेत ड्रॉइंगमास्तर म्हणून नुकताच रुजू झालो होतो आणि त्यांच्या घराची मागची खोली भाड्याने मिळेल का, ते विचारायला गेलो होतो. ओटीवर बसलेल्या त्या आडव्या अंगाच्या गृहस्थांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "हात सरळ धर," म्हणाले. मी धरला. त्यांनी माझ्या तळहातावर पाण्याने काठोकाठ भरलेला पितळी पेला ठेवला आणि मग म्हणाले, "हां, आता बोल. काय काम हाय?" खोलीचं बोलता बोलता माझी बाही कोपरापर्यंत भिजली. "थरथर हाय, पर सुधारंल," असा निकाल देऊन त्यांनी खोली मात्र दिली.

तात्या गुरांचे डॉक्टर. शिक्षण मुंबईत झालेलं, पण जन्म शेतकऱ्यांच्या गोठ्यांत गेल्यामुळे बोलणं अस्सल इथलंच. खालापुरापर्यंतच्या वाड्यापाड्यांवर ते घोड्यावरून फिरत. हे घोडं माथेरानावर पाहुणे फिरवून म्हातारं झालेलं. त्यामुळे चांगला देखावा दिसला की ते आपोआप थांबायचं, आणि तात्यांनी कितीही टाच मारली तरी पाहुण्याचं बघून होईपर्यंत हलायचं नाही. तिकडे म्हैस अडलेली आणि इकडे डॉक्टर प्रबळगड बघत उभे! "काय करतोस बाबा," ते म्हणत, "त्याची नोकरी त्यानं इमानानं केली, आता मला भोगाया लागते."

गावाला ते डॉक्टर म्हणून हवे होते, पण त्यांना स्वतःला हवा असायचा तो रविवार. भातं कापून झाली की दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या सोडून दिलेल्या दगडाच्या खाणीत नेमबाजी चालायची; पेल्याची ती परीक्षा त्यासाठीच. खाणीच्या भिंतीला मातीचा ढीग, त्यापुढे फळी, आणि फळीवर चुन्यागेरूची वर्तुळं. ती वर्तुळं काढायचं काम माझ्याकडे आल्यामुळे माझी कला पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगाला आली. शिकारीचं नाव काढलं तर मात्र तात्या भडकायचे. "आठवडाभर जनावरं वाचवायची अन् रविवारी मारायची? मग सोमवारी त्यांना तोंड कसं दाखवू रं?"

त्यांचं जुनं रिव्हॉल्व्हर ऐन उमेदीत घेतलेलं. ते पावसाळ्यात कोरडं ठेवणं म्हणजे एक व्रतच होतं. आमच्याकडे चार महिने चामड्याला बुरशी, काडेपेटीला ओल, माणसाला सर्दी. त्या वर्षी नेमकं एका गाईचं बाळंतपण करताना तात्यांचं उजवं मनगट मोडलं. हात गळ्यात अडकवून बसलेल्या नवऱ्याला त्रास नको, म्हणून काकूंनी रिव्हॉल्व्हरची व्यवस्था स्वतःच केली. घरातली सगळ्यांत कोरडी जागा कोणती? चुलीवरचा माळा. तिथे धुराने कीड लागत नाही, ओल येत नाही. स्वच्छ फडक्यात गुंडाळून काकूंनी ते माळ्यावर ठेवलं, आणि शेजारीच पावसाळ्याची बेगमी होती. सुकट आणि खारे बोंबील!

खंडेनवमीला तात्यांनी पूजेसाठी पाट मांडला. काकूंनी फडकं आणून उलगडलं आणि घरातलं मांजर शेपूट ताठ करून पाटाभोवती फिरू लागलं. मिठाने आपलं काम चोख केलं होतं. नळी खाल्लेली, काडतुसांची चक्री जागच्या जागी गंजून बसलेली, आणि वास असा की कुणालाही भाकरीची आठवण व्हावी. मला हसू आवरेना, पण काकूंचा चेहरा पाहिला आणि ते घशातच राहिलं. तात्यांनी शांतपणे रिव्हॉल्व्हरला हळद-कुंकू वाहिलं, फूल ठेवलं. "वय झालंच होतं तिचं," म्हणाले. "पेन्शनीत निघाली." पुन्हा त्यांनी त्या गोष्टीचा उल्लेख केला नाही. काकू मात्र त्या दिवसापासून घरातली कुठलीही वस्तू जपून उचलायच्या. "माझ्या हाताला गुण नाय मास्तर," एकदा मला म्हणाल्या. "त्यांचा रविवार मी खाल्ला."

खरंच खाल्ला होता. हात गळ्यातून निघाला, पण मनगट वाकडं बसलं आणि त्याला कंप राहिला. रविवारी सकाळी तात्या ओटीवर बसून रिकाम्या पेल्याशी खेळायचे, तेव्हा मला त्यांच्याकडे बघवायचं नाही. आता नवीन रिव्हॉल्व्हर घ्यायचं, तर चुकून चालणार नव्हतं. लायसनवर एकच हत्यार चढायचं आणि वयही होत आलं होतं. घेऊ ते शेवटचंच.

साहेबलोक बोटी धरून विलायतेला निघाले होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. त्यांचं किडूकमिडूक मुंबईच्या दुकानांत विकायला आलं होतं. आम्ही तिघं मुंबईला गेलो. काकूंना मुंबादेवीचं दर्शन घ्यायचं होतं, ते झाल्यावर तात्यांनी त्यांनाही बंदुकांच्या दुकानात नेलं. नऊवारीतली बाई पाहून दुकानदार आधी गडबडला, मग त्याने खुर्ची दिली. तात्यांचं मनगट पाहून त्याने एक छोटं, चकचकीत, हलकं रिव्हॉल्व्हर पुढे केलं. तात्यांचं बोट मात्र कपाटातल्या दुसऱ्याच वस्तूकडे गेलं. काळंनिळं, धिप्पाड, भरदार नळीचं.

"ती मॅग्नम आहे डॉक्टर," दुकानदार म्हणाला. "अमेरिकेची. तिचं काडतूस फार जोरकस. तुमच्या हाताला झटका झेपायचा नाही."

"जोरकस काडतूस घालतंय कोण?" तात्या म्हणाले. "हिच्यात साधं, हलकं काडतूसबी बसतं ना? मग झालं. सवारीच्या दमणीचा बैल नांगराला जुंपला तर दोन वर्सांत गुडघं टेकतो. नांगराचा बैल दमणीला जुंप, नातवंडं खेळवील. अन् अंगानं जड हाय, म्हंजे झटका ती सोता गिळंल."

मग त्यांनी बैलबाजारातला खेळ सुरू केला. घोडा ओढून चक्री अंगठ्याने हलवून पाहिली, जणू बैलाचा गुडघा तपासताहेत. नळी आणि चक्री यांच्यामधली फट उजेडात धरून पाहिली. एकेक घर फिरवून घोडा पडताना चक्री घट्ट बसते का, ते कान लावून ऐकलं. आता ते तिचे दात मोजणार, अशी मला खात्रीच वाटत होती. शेवटी त्यांनी ती रिकामी मॅग्नम काकूंच्या हातात दिली. "धर गं, सरळ. भिंतीकडं. अन् आता ती दुसरी."

काकूंनी दोन्ही धरून पाहिली. "ही चकचकीत उलथन्यासारखी वाटते," त्या म्हणाल्या. "काळी बरी. हाताला बसते." आणि लगेच घाबरून म्हणाल्या, "पर मला काय इचारता? मला काय कळतंय त्यातलं!"

"बांधा," तात्या दुकानदाराला म्हणाले.

कागदपत्रं झाल्यावर पहिल्या रविवारी आम्ही खाणीत गेलो. मी नवी फळी रंगवली होती, काकूंनी डब्यात पोहे घेतले होते. तात्यांनी नेम धरला. वाकडं मनगट थरथरलं, गोळी मातीत गेली. दुसरी फळीच्या वरून. तिसरी कुठे गेली ते देवाला ठाऊक. मी खाली बघत राहिलो. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

तात्यांनी मॅग्नम उघडून रिकामी केली, दगडावर ठेवली आणि पिशवीतून पितळी पेला काढला. मला वाटलं, तहान लागली असेल. त्यांनी तो काठोकाठ भरला आणि काकूंना म्हणाले, "हात सरळ धर."

"अवो, काय चाललंय तुमचं?"

"धर म्हणतो ना. हां. आज कालवण कसलं करणार?"

"वालाचं बिरडं. अन् भात हायच."

"वाल भिजवलेस?"

"काल रातीच. आता सोलाया बसाया पायजे, तर तुमी मला हितं उभी..."

पेल्यातलं पाणी आरशासारखं स्वस्थ होतं. विहिरीवरून डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी आणत आयुष्य गेलेला तो हात होता.

"सगळ्या कर्जताचे हात तपासलं रं मास्तर," तात्या म्हणाले, "अन् घरातला राहिला! दुकानात बघितला तवा डोळं उघडलं. मी काय बंदूक निवडत व्हतो व्हय? हिच्या हाताला कंची शोभते ते बघत व्हतो."

"माझ्या हातानं नको," काकू म्हणाल्या. "एक वस्तू घालवली मी तुमची."

"म्हणून तर! सुकटीनं खाल्लेला रविवार भरून दे आता."

काकूंनी डोळे गच्च मिटून पहिली गोळी झाडली. "डोळं उघड गं, सुकट भाजत नायस!" तात्या ओरडले. दुसरी मातीत गेली. तिसरी फळीच्या कडेला लागली आणि चौथीने माझ्या गेरूच्या वर्तुळात भोक पाडलं. तात्यांनी अशी आरोळी ठोकली की वर बांधलेलं घोडं दचकलं. काकू आधी हसल्या, मग रडल्या, मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "अजून हायत का काडतुसं?"

तात्यांनी कचेरीत खेटे घालून लायसनवर काकूंचं नावही चढवलं. पुढे दोन्ही हातांनी धरून तेही बऱ्यापैकी मारू लागले, पण काकूंच्या जवळपास कधी पोचले नाहीत. हरल्यावर त्यांचा चेहरा पोरीचं लग्न ठरल्यासारखा फुलायचा. जोरकस काडतूस त्यांनी एकदाही घातलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "ताकद घरात असावी. रोज कशाला दाखवायची?"

माझी बदली झाली. तात्या अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा मी एका रविवारी सकाळी कर्जतला उतरलो. ते ओटीवर खाटेवर पडले होते, अगदी चिपाड झालेले. काकू घरात नव्हत्या. तेवढ्यात खाणीच्या बाजूने बार ऐकू आला.

"मीच पाठवली," ते म्हणाले. "मी आजारी हाय, रविवार आजारी नाय." मग एकेका बारागणिक डोळे मिटून ते मान हलवत राहिले. "ऐकलंस? दम धरून मारते. अन् मॅग्नम बघ, पहिल्या दिवसासारखी बोलते."

काकू फळी घेऊन आल्या. तात्यांनी फळीवरची भोकं बोटाने चाचपली, समाधानाने हसले आणि काकूंना खूण केली. त्यांनी पेला भरून आणला.

"मास्तर," तात्या म्हणाले, "हात सरळ धर."

मी धरला. तात्यांकडे बघितलं मात्र, आणि माझा हात असा लटपटला की निम्मं पाणी सदऱ्यावर आलं.

"नापास!" तात्या खोकल्याची उबळ येईपर्यंत हसले. "इतक्या वर्सांत काय सुधारणा नाय!"

काकूंनी माझ्या हातातून पेला घेतला, पुन्हा काठोकाठ भरला आणि दुसऱ्या हाताने तात्यांची मान उचलून तो त्यांच्या ओठांना लावला. एक थेंबही सांडला नाही.