मालक हसताना पाहिजे

माझी गाडी विकायला काढली तेव्हा तिच्या सीटांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. दोन दारांची, लाल, अमेरिकन धाटणीची गाडी. इंजिन एवढं दांडगं की चावी फिरवली की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहायच्या. बटण दाबलं की छत घडी होऊन मागं जायचं. ते बघायला सगळी गल्ली जमायची, आणि एखादी म्हातारी हमखास विचारायची, "एवढा पैसा घातला, मग छत कशाला न्हाय घेतलं रं?"

तेर आणि धाराशिवच्या मधल्या एका खेड्यात अशी गाडी घेणं हा शुद्ध गाढवपणा होता. त्यात मी रस्त्यांचा ठेकेदार. मीच केलेल्या रस्त्यावर माझीच गाडी पोटाला घासायची आणि चहाच्या टपरीवर बसलेले रिकामटेकडे खूश व्हायचे. मी त्यांच्याकडे ढुंकून बघत नसे. उभी जवानी डांबराच्या धुरात घालवली होती. मला ती गाडी पाहिजे होती, म्हणून मी ती घेतली. याच्यापलीकडे मी कुणाला कारण सांगितलं नाही, आताही सांगणार नाही.

गाडी आली आणि थोड्याच दिवसांत माझं पोट दुखायला लागलं. आधी सोलापूरला दाखवलं, मग पुण्याला. तिथं पोट फाडलं आणि परत शिवलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, डॉक्टरच्या खोलीतून बाहेर आले आणि म्हणाले, "आतड्याला सूज हाय. पथ्य पाळलं की बरं हुतंय." अण्णांच्या बोलण्यावर संशय घ्यायची आमच्या घरात पद्धत नाही. मी पथ्य पाळायला लागलो.

आईनं मात्र दोष गाडीला दिला. आमच्याकडे नवी गाडी पहिल्यांदा तुळजापूरला जाते. देवीच्या दारात तिला हार पडतो, नारळ फुटतो, मग माणसं तिच्यात बसतात. मी पहिल्याच दिवशी छत उघडून सोलापूरला बिर्याणी खायला गेलो होतो. "आईच्या दारावरनं म्होरं गेलास, वळूनसुदिक बगितलं न्हाय," असं ती रोज माझ्या उशाशी बसून म्हणायची. आजारी माणसाला पळून जाता येत नाही, त्यामुळं मी ते रोज ऐकलं. मग गावही तेच म्हणायला लागलं. गाडी लाभली नाही.

हे लाभणं न लाभणं आमच्याकडे फार. बैल असो, विहीर असो, सून असो, ती लाभली का हे आधी विचारतात. अण्णा मात्र यातलं काही मानणारे नव्हेत. अमावस्येला बोअर मारणारा माणूस. म्हणून ते जेव्हा माझ्या पलंगाशी येऊन म्हणाले, "तुझी आई म्हणती त्यात तथ्य हाय, गाडी काढून टाकू," तेव्हा मी हसलो. हसलो की टाके ओढायचे.

"न्हाय विकायची," मी म्हटलं.

"आरं, बरा झालास की दुसरी घिऊ. हिच्यापरीस भारी."

त्या "बरा झालास की"वर मी विरघळलो. अण्णांनी आयुष्यात कुणाला फुकटचं वचन दिलेलं नव्हतं. ते असं बोलतात म्हणजे मी बरा होणार, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. खरं सांगतो, गाडीचं दुःख मला त्या दिवशीच संपलं. मी पडल्या पडल्या मोबाईलवर पुढच्या गाडीचे रंग बघायला लागलो. एक गडद निळा मला आवडला. बायकोला दाखवला तर ती "लई छान हाय" म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. एरवी तिनं माझी सालटी काढली असती. तिनं भांडायचं सोडलंच होतं. मला वाटलं, आजारपणाच्या निमित्तानं का होईना, बाई वठणीवर आली.

गाडीला गिऱ्हाईक मिळेना. बघायला पुष्कळ आले. तुळजापूरच्या एका लॉजवाल्यानं मागच्या सीटवर किती भाविक बसतील ते विचारलं. मागच्या सीटवर धड एक बकरी बसली नसती. दुसऱ्यानं अ‍ॅव्हरेज विचारलं आणि आकडा ऐकून चहा न पिताच गेला. शेवटी मुरुम गावचा एक मंडपवाला आला. लग्नाचा मंडप, डीजे, रोषणाई, सगळं त्याचंच. लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या देवळाला नेतात, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. पूर्वी घोडा असायचा, आता उघडी जीप असते. ह्याला माझी गाडी परण्यासाठी पाहिजे होती. नवरदेव उभा राहणार, छत मागं जाणार, फेटा वाऱ्यावर उडणार. माझ्या गाडीच्या नशिबी घामट नवरदेव आले याचा मला संताप आला, पण निळा रंग आठवून मी गप्प बसलो.

त्याची एक अट होती. चावी मालकानं स्वतःच्या हातानं, राजीखुशीनं द्यायची, आणि त्याचा व्हिडिओ घ्यायचा. लोक आपला नवरदेव असल्यातसल्या गाडीत बसवत नाहीत, गाडी कुणाची होती ते विचारतात. "मालक हासताना पायजे," त्यानं अण्णांना बजावून सांगितलं होतं. मुहूर्त दसऱ्याचा धरला.

दसऱ्याला सकाळपासून माझी सजावट सुरू झाली. माझं वजन एवढं उतरलं होतं की जुने कपडे अंगावर लोंबायचे. अण्णांनी सदऱ्याच्या आत मला दोन स्वेटर घालायला लावले. ऑक्टोबरच्या उन्हात दोन स्वेटर. गालांवर बायकोनं तिची पावडर आणि आणखी कसलं तरी लालसर लावलं. आईनं मला फेटा बांधायला लावला, त्यानं तोंड भरल्यासारखं दिसतं म्हणे. मी आरशात बघितलं. बैलपोळ्याला म्हातारा बैल रंगवून उभा करतात, तसला दिसत होतो. मी म्हटलं, "एवढं कशाला? आतड्याला सूज तर हाय." बायकोनं पावडरीचा आणखी एक हात फिरवला. मला वाटलं, गाडी लाभली नाही हे कळलं तर मंडपवाला भाव पाडील, म्हणून हे नाटक चाललंय. नाटकात मीही मजेनं सामील झालो.

मंडपवाला आला. गाडीला हार घातला, अण्णांनी नारळ फोडला. मला खुर्चीवरून उठवून बॉनेटशी उभं केलं. मी चावी दिली, पेढा भरवला, दात दाखवून हसलो. मंडपवाल्याच्या माणसानं मोबाईलवर सगळं टिपलं. मला वाटलं, झकास जमलं. बनवलं बेट्याला.

मग अण्णा नारळाचे तुकडे वाटायला बाजूला गेले आणि मंडपवाल्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. माणूस मनानं वाईट नव्हता. डोळ्यांत पाणी आणून तो हळूच म्हणाला, "मालक, लई मोठं काळीज हाय तुमचं. आण्णांनी समदं सांगितलंय मला. दिवाळीपातूर मनलाय डाक्टर, म्हणून तर म्या घाई केली. मागून घेतली असती तर मेलेल्या मानसाची गाडी म्हणून परण्याला कोण बसलं असतं तिच्यात? तुमी जित्तेपणी हातानं दिली, लई उपकार झाले."

दसरा होता. दिवाळी तीन आठवड्यांवर होती.

मला आधी त्याचं म्हणणं कळलंच नाही. मग मी अण्णांकडे बघितलं. ते हातात खोबऱ्याचा तुकडा घेऊन आमच्याकडेच बघत होते आणि त्यांना सगळं कळलं होतं. आईनं पदर तोंडाला लावला. बायको दारात होती, ती आत निघून गेली. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. शेजारच्या गावाला माहीत होतं, मुरुमला माहीत होतं. ज्याच्या पोटात ते होतं तो सोडून सगळ्यांना. आणि मी निळा रंग बघत बसलो होतो.

व्हिडिओवाला म्हणाला, "मालक, येकदा परत. तुमचा हात हालला." मी परत चावी दिली. परत हसलो.

गाडी वेशीबाहेर गेली. अण्णा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "चल, जरा पड."

"आण्णा," मी म्हटलं, "तेराव्याचा मंडप ह्यालाच सांगा. आता वळख झाली, सस्तात करंल."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. आई म्हणाली, "आरं, बापाला आसं बोलतेत का? तुझ्याच भल्यासाठी न्हाय सांगितलं. मानूस खचतंय." मी विचारलं, "मग गाडीबी माझ्याच भल्यासाठी इकली व्हय?" मला तेव्हा त्यांची तिळमात्र दया आली नाही. माझं मरण त्यांनी हिशेबात धरलं होतं, आणि ते होण्याआधी गाडी उजवून टाकली होती. शेतकऱ्याला असला व्यवहार कळतोच. मलाही कळला असता, गाडी दुसऱ्या कुणाची असती तर.

दिवसभर मी भिंतीकडे तोंड करून पडलो. संध्याकाळी गावातली माणसं सोनं द्यायला यायला लागली, तेव्हा मी उठलो. दसऱ्याला आपट्याचं पान वडीलधाऱ्यांच्या हातात ठेवायचं आणि पाया पडायचं. अण्णा ओसरीवर खुर्चीत बसले होते. येणारा प्रत्येक जण त्यांच्या हातात पान ठेवत होता, वाकत होता, आणि ते प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून एकच म्हणत होते, "शंभर वर्सं जग."

मी सगळ्यांच्या मागं उभा राहिलो. मला बघून लोकांनी वाट करून दिली. मी अण्णांच्या हातात पान ठेवलं आणि वाकलो. कपाळ त्यांच्या पायांना लावलं आणि तसाच राहिलो.

त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला. तोंडातून शब्द येईना. माझे टाके तुटतील की काय असं ओढत होते, डोळ्यांपुढं अंधारी आली, पण मी मान वर केली नाही.

"उठ रं," अण्णा म्हणाले.

मी उठलो नाही.

"उठ बाबा," ते म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या मानेवर पडत होतं. बायको मागून माझा दंड धरून म्हणाली, "बास करा आता. सोडा त्यान्ला."

मी पाय घट्ट धरले आणि म्हटलं, "समद्यान्ला म्हनलात. मलाबी म्हना."